मदत हवी आहे: डिशवॉशरची घरगुती पावडर आणि पेल्यांवरचा पांढरा थर

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याजवळ, गावाच्या कडेला राहतो. पिण्यापुरते पाणी नळाला येते, बाकी सगळे काम बोअरवर चालते. दीड वर्षापूर्वी घरात डिशवॉशर घेतला. स्वयंपाकघराचे सांडपाणी पहिल्यापासून परसातल्या केळीला आणि अळवाला सोडलेले असल्यामुळे यंत्राचे पाणीही तिकडेच जाणार हे उघड होते. म्हणून बाजारातली गोळी न वापरता घरीच नैसर्गिक पावडर करावी, असे मी ठरवले. आता मात्र गेले तीन महिने त्या पावडरीशी माझे जमेनासे झाले आहे. चूक कृतीत आहे, पाण्यात आहे की माझ्या अपेक्षेत, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माझे प्रमाण असे आहे: 200 ग्रॅम धुण्याचा सोडा, 200 ग्रॅम खाण्याचा सोडा, 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड आणि 100 ग्रॅम साधे मीठ. एका फेरीला दोन चमचे पावडर घालते. धुण्याचा सोडा खात्रीचा मिळेना, तेव्हा खाण्याचा सोडाच ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर भाजून घेतला. 300 ग्रॅमचे 190 ग्रॅम भरले, त्यावरून तो नीट भाजला गेला असावा असे मी समजते. पावडरीत मीठ असल्यामुळे यंत्राच्या तळाशी असलेला मिठाचा कप्पा मी आजवर रिकामाच ठेवला आहे.

पहिले काही महिने भांडी बरी निघत होती. आता काचेचे पेले बाहेर काढले की ताक पिऊन तसेच ठेवल्यासारखे दिसतात. नखाने खरवडले तर पांढरी भुकटी निघते. पिठल्याच्या पातेल्याला कडेने पापुद्रा तसाच राहतो आणि कुकरच्या भांड्याला भाताची शिते चिकटून येतात. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा पिवळा होता, तो तांबूस होऊन निघाला. आईची हिंडालियमची कढई काळी पडली ती निराळीच, त्याबद्दल घरात मला अजून ऐकावे लागते. श्रावणात तर पावडरीच्या बरणीतून फसफस आवाज येऊन झाकण उडाले आणि आत दगडासारखा गोळा तयार झाला.

सोड्याऐवजी रिठे वापरून पाहावेत म्हणून वाटीभर रिठ्याचे पाणी एकदा घातले होते. दहा मिनिटांत दाराच्या फटीतून फेस फरशीवर आला आणि यंत्र आपोआप बंद पडले. तेव्हा कृपया रिठे सुचवू नयेत. बोअरचे पाणी तपासून घेतले आहे, काठिण्य लिटरला 420 मिलिग्रॅम निघाले. या पाण्यात चालेल आणि झाडांनाही अपाय करणार नाही, अशी कृती कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

ताई, आपण दिलेला काठिण्याचा आकडा हाच या कोड्याचा निम्मा उलगडा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे आपले पाणी पिण्याच्या दृष्टीने नियमात बसते, पण यंत्राच्या दृष्टीने ते फार जड आहे. मी जर्मनीत राहतो. इथे यंत्र बसवताना पाण्याचे काठिण्य जर्मन अंशांत भरावे लागते. आपले पाणी त्या मापाने साडेतेवीस अंशांच्या आसपास येते, आणि इतक्या जड पाण्यात मिठाचा कप्पा रिकामा ठेवून यंत्र चालवू नये.

पावडरीतले मीठ आणि कप्प्यातले मीठ यांचे काम एक नाही. यंत्राच्या आत राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते मणी धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे दाट पाणी त्यांच्यातून फिरवून ते पुन्हा मोकळे केले जातात. ताटांवर फवारलेले मीठ या मण्यांपर्यंत पोहोचतच नाही. आपल्या यंत्रातले मणी पहिल्या काही आठवड्यांतच भरले असणार आणि तेव्हापासून बोअरचे पाणी जसेच्या तसे भांड्यांवर पडत असणार. त्यात धुण्याचा सोडा मिसळला की पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते, आणि तीच आपली पांढरी भुकटी. खात्री करायची असेल तर एका पेल्यात व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा. थर निघाला तर तो चुन्याचाच. न निघाला तर मात्र काच झिजलेली आहे, आणि त्याला इलाज नाही.

कप्प्यात घालायचे मीठ डिशवॉशरचे म्हणून वेगळे मिळते तेच घ्यावे. खडेमीठ नको, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार आणि माती असते.

बरणी फुटली नाही हे नशीब म्हणायचे. सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दमट हवेत एकत्र ठेवले की त्यांची क्रिया बरणीतच सुरू होते, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे सोडियम सायट्रेट राहते. ते अगदी वाया जात नाही, कारण कॅल्शियमला बांधून ठेवायला ते उपयोगी असते. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली, तेव्हा कारखान्यांनीही सायट्रेटचाच आधार घेतला. पण त्या क्रियेत सोड्याचा जोर खर्ची पडतो. म्हणून सोडा एका बरणीत ठेवावा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दुसऱ्या. अ‍ॅसिड महिन्यातून एकदा रिकामे यंत्र धुण्यासाठी वापरावे, मात्र पाणी कोमट असावे. कढत पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा निराळाच थर बसतो.

डबा तांबूस झाला तो सोड्यामुळे. हळदीपासून कुंकू ज्या गुणामुळे होते तोच हा गुण. हळद निघाली नाही, तिने फक्त रंग बदलला. डबा दोन दिवस उन्हात ठेवा, फिका पडेल. चहाचे आणि हळदीचे डाग यंत्रातच जावेत असे वाटत असेल, तर सोड्याच्या तीन भागांना एक भाग सोडियम परकार्बोनेट घाला. गरम पाण्यात त्याचे सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

पिठल्याच्या पापुद्र्याबद्दल मात्र कोणतीही घरगुती कृती आपले समाधान करील असे मला वाटत नाही. बाजारातल्या गोळीत पिष्ट आणि प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, ती घरात करता येत नाहीत. लिंबाच्या साली आणि गूळ तीन महिने मुरवून केलेल्या द्रवाला लोक बायोएन्झाइम म्हणतात, पण ते मुख्यतः आम्ल असते आणि सोड्याबरोबर घातले तर दोन्ही निकामी होतात. पातेले आधी पाण्यात भिजत घालणे एवढेच हाती राहते. टाकणखार (बोरॅक्स) घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. प्रजननक्षमतेला घातक म्हणून युरोपात त्याचे वर्गीकरण झालेले आहे, जेवणाच्या ताटाजवळ तो नसावा. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियम हातानेच घासावे.

प्रतिसाद

कृतीबद्दल वर सविस्तर आलेच आहे, मी केवळ केळीबद्दल लिहितो. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ या तिन्हींतून जमिनीला मिळते ते सोडियम. काळ्या मातीत सोडियम साठले की मातीचे कण सुटतात, पाणी मुरेनासे होते, वरचा थर वाळल्यावर कडक होतो आणि जमीन चोपण होऊ लागते. पावडर घरी केली म्हणून झाडाला ती वेगळी लागत नाही. त्यात आता मिठाचा कप्पा सुरू केलात, तर खारे पाणीही त्याच नळीतून जाईल. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी केळीला खुशाल द्या, पण यंत्राची नळी शोषखड्ड्यात सोडा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. व्हिनेगरची परीक्षा केली. सहापैकी पाच पेले स्वच्छ झाले आणि एक अंधुकच राहिला. मिठाचा कप्पा भरून यंत्रात पाण्याच्या काठिण्याची पातळी वाढवून लावली, त्यानंतरच्या चौथ्या फेरीपासून भुकटी दिसलेली नाही. सोडा आणि परकार्बोनेट तीनास एक या प्रमाणात घेते आणि पातेले रात्रीच भिजत घालते, त्यामुळे पिठल्याचेही पुष्कळसे निभावते आहे.

केळीच्या आळ्यात कुदळ मारून पाहिली. वरचे दोन बोटे पापुद्र्यासारखे निघाले आणि ओतलेले तांब्याभर पाणी बराच वेळ तसेच उभे राहिले. नळी आता शोषखड्ड्याकडे वळवली आहे. मातीचा नमुना तपासायला द्यायचा आहे, त्यामुळे एकच विचारते: नमुना आळ्यातूनच घ्यावा, की तुलनेसाठी जिथे हे पाणी कधी गेलेले नाही अशा जागेचाही सोबत द्यावा?