बंगला आणि थंड हवा नंतरची

ब्रिटिश काळात इथे आलेले ख्रिस्ती मिशनरी ऐषारामी होते, बंगल्यात पंख्याखाली बसायचे आणि ऊन वाढलं की महाबळेश्वर गाठायचे, असं काही जण म्हणतात. पुढच्या काळाबद्दल ते बरंचसं पटतं, पण पहिल्या फळीला कृपया त्यात ओढू नका. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आले, तेव्हा महाबळेश्वरला गोऱ्यांची वस्ती झालीच नव्हती. मराठी शिकायची, बाजारात, देवळांपाशी जाऊन लोकांशी बोलायचं, बायबलमधल्या नव्या कराराचं भाषांतर करायचं, हा त्यांचा दिनक्रम. आणि हे सगळं मुंबईच्या घामट हवेत.

मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडे फेरीवर गेले, तर तिथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ. (मार्चमधलं तिकडचं दुपारचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.) जवळची औषधं त्यांनी बहुतेक वाटूनच टाकली. परतताना एका गावात देवळाच्या ओसरीवर रात्री आडवे झाले आणि पहाटे त्यांनाच पटकीने गाठलं. काही तासांत संपलं सगळं. सोबतच्या दोन मुलांनी त्यांना तिथेच पुरलं. बायको आदल्या वर्षीच मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो, या माणसाला ऐषारामी म्हणणं मला सहन होत नाही.