मातीच्या मिशीवाल्याला शिक्षा झाली, खऱ्याला कधी होते?

वाकडी_वाट

ती सहा मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (मातीच्या बाहुल्या कणाकणाने सरकवत, एकेक फोटो काढून केलेली) कालपासून सगळीकडे फिरतेय, आणि तिच्यासोबत एक पोस्टही : "लायसन्स देण्याआधी प्रत्येकाला ही सक्तीने दाखवा, निम्मे अपघात आपोआप थांबतील." खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथेच चार ओळी खरडायला गेलो, त्या वाढतच गेल्या, म्हणून वेगळा धागा.

फिल्म वाईट नाही. हसलो मीही. करड्या गाडीतला तो गोल कानांचा गृहस्थ, गाडी सुरू करण्याआधी तीनदा आरसा बघणारा. लाल गाडीतला मिशीवाला, वेग वाढला की ज्याच्या मिशा खिडकीतून बाहेर फडफडतात. लाल गाडी झूमकन पुढे जाते, आणि दर सिग्नलला करडी गाडी हळूच शेजारी येऊन उभी राहते. शेवटी लाल गाडीची चारही चाकं चार दिशांना जातात, मिशीवाला हातात नुसतं स्टिअरिंग धरून रस्त्यात बसलेला, आणि शेजारून करडी गाडी टिक-टिक इंडिकेटर देत वळते. टाळ्या.

माझा राग या शेवटावर आहे. हे धादांत खोटं आहे. खऱ्या रस्त्यावर मिशीवाला घरी सुखरूप पोचतो. रोज पोचतो. वर्षानुवर्षं पोचतो, आणि म्हणूनच सुधारत नाही. "बेफिकिरीची शिक्षा ताबडतोब मिळते" हे शिकवणारी फिल्म बघून तो बाहेर पडणार, तसाच गाडी हाणणार, काही होणार नाही, आणि म्हणणार, बघा, कार्टून ते कार्टूनच. बाहुल्यांचा न्याय बाहुल्या हलवणाऱ्याच्या हातात असतो. रस्त्यावर तो हात नाही.

कासव_तत्पर

म्हणजे शेवटी मिशीवाला जिंकायला हवा होता? काय अपेक्षा आहे नक्की तुमची? विनोदी फिल्म आहे, साहेब. पोलीस पंचनामा नाही.

त्रैराशिक

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी सहमत, रागाशी नाही. चाकं निखळणं ही गंमत झाली. फिल्ममधली खरी गोष्ट सिग्नलवर शेजारी येण्याची आहे, आणि ती खोटी नाही. हिशेब करा. १० किमी अंतर, ताशी ६० ने १० मिनिटं, ताशी ८० ने साडेसात. सगळा जीव धोक्यात घालून कमाई अडीच मिनिटं, तीही मध्ये एकही सिग्नल नसेल तर.

आणि चेंडूचा प्रसंग बघा. चेंडू रस्त्यावर येतो, करडी गाडी थांबते, लाल गाडी शेजारून सरळ निघून जाते. लोक तिथे हसतात. आता आकडे. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. ताशी ५० ची गाडी साधारण २८ मीटरवर थांबते. ताशी ७० ची गाडी त्याच २८ मीटरच्या खुणेवर असते तेव्हा तिचा वेग अजून ५८ च्या आसपास असतो. वेगात फरक २० चा, पण जिथे एक गाडी उभी आहे तिथून दुसरी जवळजवळ ६० ने जातेय. पहिला सेकंद ब्रेकशिवायच जातो आणि पुढचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून. हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या एका दृश्यात जास्त आहे.

दिवाभीत

रात्रीच्या प्रसंगाबद्दल कुणीच काही बोलत नाहीये? त्यात दोन्ही गाड्यांचे दिवे मस्त मंद पिवळे आहेत. कुठल्या जगात? समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा, प्रखर झोत) मारत येणारा एकही प्राणी त्या सहा मिनिटांत नाही. ताशी ६० ला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात. डोळे दिपल्यावर तीन सेकंद काही दिसलं नाही तर ५० मीटर आंधळेपणी. आणि वय वाढलं की डोळे सावरायला आणखी वेळ लागतो. यावर फिल्म काढा.

मातीत_हात

मी अशा बाहुल्या हलवण्याचं काम करतो (ही फिल्म माझी नाही), म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम. सहा मिनिटांच्या ८,६४०. प्रत्येक पोझ दोन फ्रेमला धरली तरी ४,३२० वेळा कुणीतरी खाली वाकून काहीतरी कणभर सरकवलंय. गोल कानवाल्याच्या डाव्या गालावर अंगठ्याचा ठसा आहे, नीट बघा. तो दर फ्रेमला किंचित बदलतो, गाल उकळल्यासारखा दिसतो. मला ते फार आवडलं.

आता गाडी. स्टॉप-मोशनमध्ये वेग दाखवणं ही डोकेदुखी असते. फोटो काढताना बाहुली स्थिर असते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम लख्ख येते आणि वेगवान वस्तू टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसते. खऱ्या कॅमेऱ्यात जी पुसट रेघ आपोआप येते ती इथे मुद्दाम आणावी लागते. 'द राँग ट्राउझर्स' (१९९३) या स्टॉप-मोशन फिल्ममधल्या त्या आगगाडीच्या पाठलागात कॅमेरा गाडीबरोबरच सरकवत लांब एक्स्पोजर दिलंय, म्हणजे एकेका फोटोसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवलंय. गाडी स्पष्ट, मागची भिंत फराटा. इथेही लाल गाडीच्या मागची झाडं तशीच ओढल्यासारखी दिसतात.

पण गंमत अशी, की हलवायला लाल गाडी सोपी. आठ-दहा फ्रेममध्ये पडद्याबाहेर. एखादी पोझ चुकली तर कुणाला कळतही नाही, उलट मजा वाटते. खरा घाम करडी गाडी काढते. दर वेळी एक मिलिमीटर, न कमी न जास्त, शंभर-दोनशे वेळा. एकदा दीड मिलिमीटर झाला की गाडी अडखळल्यासारखी दिसते आणि सगळा शॉट पहिल्यापासून. सावकाश आणि सलग चालणं हे या कामात सगळ्यात अवघड.

मधली_सीट

मातीत_हात, सुंदर लिहिलंत. मला गाडी येत नाही, मी आयुष्यभर शेजारी किंवा मागे बसलेय. त्या फिल्ममध्ये दोघांच्याही गाडीत दुसरं कुणी नाही, हे कुणाला खटकलं नाही? मिशीवाल्याशेजारी बायको बसवा. ती दाराच्या वरची कडी धरून, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबतेय. विनोद तिथेच संपेल.

वाकडी_वाट

मधली_सीट, हा मुद्दा मला सुचायला हवा होता. नाही सुचला.

त्रैराशिक, आकडे मान्य. पण माणूस आकड्यांनी बदलत नाही. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता. ९३ टक्के अमेरिकन आणि ६९ टक्के स्वीडिश मुलांनी कौशल्यात स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. वरच्या अर्ध्यात ९३ टक्के! म्हणजे ती फिल्म बघताना थिएटरातला प्रत्येक जण करड्या गाडीत बसलेला असतो. मिशीवाला कायम शेजारच्या खुर्चीत. मग शिकणार कोण?

चौथा_गिअर

इतका वेळ गप्प होतो. आता एक विचारतो, करड्या गाडीवाल्याला आदर्श कुणी ठरवलं? तो ज्या गतीने चाललाय ना, त्या गतीने ओव्हरटेकिंगच्या लेनमध्ये ठाण मांडून बसणारे महाभाग रोज भेटतात मला. मागे वीस गाड्यांची वरात, हे आपले स्टिअरिंगला मिठी मारून "मी नियमात आहे". असल्या लोकांमुळेच बाकीचे वैतागून वेडंवाकडं ओव्हरटेक करतात. वेग आणि अपघात यांवरचा १९६४ चा सॉलोमन यांचा अभ्यास वाचा. बाकी वाहतुकीपेक्षा फार हळू चालणाऱ्यांचेही अपघात जास्त, फक्त वेगवाल्यांचे नाहीत. संथ म्हणजे सावध, हा गैरसमज काढून टाका.

कासव_तत्पर

आलाच हा मुद्दा! वाटच बघत होते. "आम्ही वेडंवाकडं ओव्हरटेक करतो कारण तुम्ही हळू चालता." वा. उद्या म्हणाल, आम्ही धडकलो कारण तुम्ही तिथे होतात.

आणि हे मी चेष्टेत म्हणत नाहीये. मागच्या वर्षी सिग्नल पिवळा झाला म्हणून मी थांबले. मागून धाडकन. उतरून बघते तर डिकीचं झाकण वर उचललं गेलेलं, आत ठेवलेली छत्री वाकलेली. तो माणूस खाली उतरला आणि मला म्हणतो, "अहो, तुम्ही थांबलात कशाला? निघालं असतं की!" अजून मानेला पट्टा लावून झोपते मी. त्यामुळे लेनमधल्या वरातीचं दुःख मला सांगू नका.

त्रैराशिक

चौथा_गिअर, सॉलोमनच्या अभ्यासातल्या त्या आलेखावर नंतर बरीच टीका झालीय. हळू चाललेल्या म्हणून मोजलेल्या गाड्यांत वळण्यासाठी किंवा चौकापाशी वेग कमी केलेल्या गाड्याही होत्या. वळणाऱ्या गाडीला मागून ठोकलं, तर दोष तिच्या "संथपणाचा" धरायचा का? अर्धा अभ्यास वाचून फेकू नका.

चौथा_गिअर

अर्धा का होईना वाचलाय. इथे बाकीचे डिकीतली छत्री पुरावा म्हणून देतायत.

कासव_तत्पर

पट्टा माझ्या मानेला आहे, छत्रीच्या नाही. तुमच्यासारख्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

चौथा_गिअर

बोलू नका. फक्त लेन सोडा.

दिवाभीत

लेन सोडली नाही की मागचा काय करतो? अप्पर मारतो! आरशातून थेट डोळ्यांत. म्हणजे दोन्ही बाजूंनी शेवटी मुद्दा तोच.

मधली_सीट

दिवाभीत, तुम्हाला दंडवत. लग्नाच्या पंगतीतही तुम्ही हाच विषय काढत असाल.

चौथा_गिअर, मानेला दुखापत झालेल्या बाईंना हे उत्तर? जरा तरी. लेन अडवणाऱ्यांचा त्रास खरा आहे, पण तो फिल्मच्या गोल कानवाल्यावर कशाला काढता? तो साध्या रस्त्यावर आहे. लेनच नाहीये तिथे.

चौथा_गिअर

ठीक. मानेचं लागेल असं बोललो, ते मागे घेतो. लेनचं मागे घेत नाही.

उलट_गिअर

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

तो मिशीवाला मी होतो. १९ वर्षं. मिशा सोडून सगळं तेच. बायको शेजारी दाराची कडी धरून बसायची, ते वाचून वर थांबलो थोडा वेळ. एकदाही अपघात नाही, साधा ओरखडा नाही. धागाकर्ता म्हणतो ते अक्षरशः खरं. दर वेळी सुखरूप पोचलो की माझी खात्री वाढायची, की हे बाकीच्यांना जमत नाही, मला जमतं.

मग एक दिवस घरासमोर गाडी मागे घेत होतो. चालत्या माणसाच्या वेगाने. करर्र असा आवाज आला. उतरलो. मागच्या चाकाखाली मुलीची सायकल. मुलगी दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला आत गेली होती. सायकलची घंटी दबून चपटी झालेली, मी ती उगाच वाजवून पाहिली. खट्ट वाजली.

वेग नव्हता. चाकं कुठे गेली नाहीत. कुणी हसलं नाही आणि मुलीला मी सांगितलं, सायकल पडली होती. त्यानंतर मी बदललो, पण फिल्म बघून नाही आणि आकडे वाचूनही नाही. त्यामुळे फिल्म सक्तीने दाखवा म्हणणाऱ्यांना आणि फिल्म खोटी म्हणणाऱ्यांना, दोघांनाही माझं फारसं काही म्हणणं नाही.

मातीत_हात

घंटीचं वाचून हात थांबला.

वाकडी_वाट

उलट_गिअर, तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा सिद्ध होतो म्हणणार होतो, मग लाज वाटली.

तरी एक सांगतो. मी त्या फिल्मला खोटं म्हणालो ते शेवटापुरतं ठेवतो. काल रात्री परत पाहिली, या वेळी मुलासोबत. सहा वर्षांचा आहे. शेवटाला तो हसलाच नाही. हसला कुठे, तर करडी गाडी दुसऱ्यांदा सिग्नलला शेजारी येते तिथे. तिसऱ्यांदा यायच्या आधीच ओरडला, "आला बघ, आला!" म्हणजे त्रैराशिक म्हणतात ते काहीतरी त्याला कळलं असावं. मास्तर, मानतो. पण "निम्मे अपघात थांबतील" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्यावरचा राग कायम आहे.

त्रैराशिक

इतक्या सहज मानलंत, तब्येत बरी आहे ना?

वाकडी_वाट

सहज नाही. सूड घेतोच. फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिली. शेवटच्या वळणावर तुमचा आदर्श गोल कानवाला टिक-टिक करतो, पण तो नुसता आवाज आहे. इंडिकेटरचा दिवा पेटलेलाच नाही.

मातीत_हात

हाहा! बरोबर पकडलंत. आत्ता पाहिलं. ते दिवे तांदळाएवढे असतात, तार केसासारखी. गाडी सरकवताना निसटली असणार आणि तोवर शंभर फ्रेम होऊन गेल्या असतील. कोण परत करतंय! आवाज नंतर चिकटवला.

चौथा_गिअर

म्हणजे इंडिकेटर न देता वळला. आणि मी उगाच शिव्या खाल्ल्या.

कासव_तत्पर

तार तुटली होती हो त्याची!

चौथा_गिअर

सगळे हेच सांगतात.

दिवाभीत

आणि हेडलाइट? डिपरवर होते की अप्परवर? कुणीतरी तेवढं थांबवून बघा.