मदत हवी आहे: फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन नीस

मंडळी, फेब्रुवारीच्या मध्यात आई-बाबांना फ्रान्सच्या नीसला न्यायचा बेत आहे. तिथला कार्निव्हल आणि शेजारच्या मांतों गावचा लिंबांचा उत्सव साधारण एकाच सुमारास असतात, म्हणून हा मुहूर्त. दिवसा १२-१३ अंश म्हणजे स्वेटरवर भागेल, पण समुद्रावरचा वारा कितपत बोचतो?

खरी अडचण मुक्कामाची. जुन्या गावात राहिलं तर कूर सालेयाचा फुला-भाज्यांचा बाजार पायाशी. पण तिथल्या जुन्या इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि आईचे गुडघे जिना म्हटला की कुरकुरतात. की स्टेशनजवळ राहावं? मांतोंची गाडी तिथूनच, पाऊण तासाच्या आत पोचवते.

बाबा पक्के शाकाहारी. सोक्का, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, त्यांना आवडेल. पिसालादिएर ही पिझ्झासारखी रोटी मात्र नुसत्या कांद्याची दिसली तरी वर अँकोव्ही मासा असतो, तेव्हा सावध! स्वयंपाकघर असलेलं घरच घ्यावं का?

आणि कार्निव्हलमधल्या फुलांच्या मिरवणुकीला बसायची तिकिटं काढावीत, की उभ्यानेही नीट दिसतं? हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी सांगा, प्लीज.