जुन्या कॅसेटमधील चौंडक्याचा तुकडा नव्या गाण्यात घेता येईल का?

खानापूरकर : आमच्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळासाठी आम्ही एक गाणे तयार करीत आहोत. सौंदत्तीच्या यात्रेतून आणलेली यल्लम्माच्या गाण्यांची एक कॅसेट घरी असून तिच्यावर १९८८ हे वर्ष छापलेले आहे. तिच्या एका बाजूस कन्नड व दुसऱ्या बाजूस मराठी गाणी आहेत. त्यांपैकी दोन गाण्यांची चाल तर एकच आहे. त्यातील चौंडक्याचा (यल्लम्माच्या गाण्यांना साथ करणाऱ्या एकतारी वाद्याचा) सहा सेकंदांचा तुकडा संगणकावर कापून आमच्या गाण्यात पुन्हा पुन्हा वाजवावा, असा विचार आहे. काही जण याला चोरी म्हणतात, तर काहींच्या मते सात सेकंदांपर्यंत घेतलेले चालते. गाणे यूट्यूबवर टाकायचे असल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडी : सात सेकंदांची सवलत ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी मोजणी नाही. चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. चाल खरोखरच परंपरागत असेल, तर ती कोणीही गावी. मात्र त्या धर्तीवर एखाद्या संगीतकाराने नवी चाल बांधली असेल, तर तिच्यावरील हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकत असल्याने आपली कॅसेट १९८८ मध्येच प्रकाशित झालेली असेल, तर तो २०४८ च्या अखेरीपर्यंत आहे. तुकडा कापून घ्यायचा, तर परवानगी हवीच.

निपाणीकर : कायद्याचे मान्य आहे, परंतु ‘चोरी’ या शब्दाला माझी हरकत आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी नाट्यपद प्रचलित चालींवरच पोसले गेले. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या पूरबी वळणाच्या चाली घेतल्या. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. ती सोय खरे तर गाणाऱ्या नटासाठी होती, पण तिच्यामुळे उसनवारी आपोआपच जाहीर होत असे. आजच्या कितीतरी गाण्यांत एवढेही आढळत नाही, हे माझे खरे दुखणे आहे.

शहापूर : सहा सेकंदांचे ते काय, असे मंडळात कोणी म्हणत असेल, तर त्याला द विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाची हकिगत सांगावी. त्यांच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमन यांनी वाजविलेला ड्रमचा सुमारे सहा-सात सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन मात्र त्याबद्दल मानधनाचा एक पैसाही न मिळता २००६ मध्ये वारले. आपल्या कॅसेटवर चौंडके वाजविणाऱ्याचे नाव आहे काय?

खानापूरकर : वेष्टन पुन्हा पाहिले. गायिकेचे नाव ठळक आहे; वादकाचे कोठेही नाही. आता तुकडा न कापता परिसरातील एखाद्या चौंडकेवाल्यालाच बोलावून, ठरलेली बिदागी देऊन नव्याने ध्वनिमुद्रण करावे, असे ठरत आहे. गाण्याखाली त्यांचे नाव देऊ आणि दोन्ही बाजूंची ती सामाईक चाल घेतलीच, तर ‘चाल’ या शब्दापुढे कन्नड व मराठी अशा दोन्ही ओळी लिहू.