मदत हवी आहे : जुनी इलेक्ट्रिक इंजिनं सोलापूर–कुर्डुवाडी लोकलला चालतील का?

रेल्वेतल्या जाणकारांनो, जरा मार्गदर्शन करा. मोहोळ, अनगर, माढ्याहून रोज सोलापूरला येणाऱ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ लोकल मागायची म्हणून आम्ही काही जण निवेदन तयार करतोय. आता मार्गावर २५ केव्ही वीज आहे. मेमू (वेगळं इंजिन नसलेली, डब्यांतल्याच मोटारींवर चालणारी विजेची लोकल) मागितली की ‘रेक (डब्यांचा संच) नाही’ हेच उत्तर येणार (तोंडपाठच आहे ते). म्हणून विचार आला, मेल-एक्स्प्रेसवरून मोकळी होणारी वॅप-४ ही जुनी इलेक्ट्रिक इंजिनं इथे का वापरू नयेत? ताकद सुमारे ५००० अश्वशक्ती, आठ डबे म्हणजे किरकोळ ओझं.

अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. मेमूत मोटारी गाडीभर विभागलेल्या, त्यामुळे ती झटकन वेग घेते; इथे सगळा जोर एकाच इंजिनाच्या चाकांवर. शिवाय वॅप-४ ला टॅप चेंजर (मोटारींचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलणारा यांत्रिक स्विच). दर सात-आठ किलोमीटरला थांबा असेल तर त्याची झीज कितपत वाढेल? ब्रेक लावताना वीज परत देणंही त्याला जमत नाही.

कुर्डुवाडीत इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्यातला वेळ वाचवायला अमृत भारत एक्स्प्रेससारखं दोन्ही टोकांना इंजिन लावता येईल, पण मागचं इंजिन पुढूनच चालवायला जुन्या डब्यांतून कंट्रोलची केबल नेणं कितपत सोपं? लोको शेडमध्ये काम केलेल्या कुणी सांगितलं तर निवेदनात तेवढंच लिहू.