मदत हवी आहे: केंब्रिजजवळ हिवाळ्यात धावायला मऊ जमिनीची वाट

रानवेडी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात नोकरीनिमित्त केंब्रिजला आले (इंग्लंडातलं, अमेरिकेतलं नव्हे). चेस्टरटनला राहते, नदी अगदी जवळ. पुण्यात वेताळ टेकडीवर धावायची सवय होती. इथे चढ औषधालाही नाही, त्याची तक्रार नाही. पण डांबरावर धावून धावून उजवी नडगी ठणकायला लागलीय. फिजिओ म्हणाली, धावणं सोडू नकोस, जमीन बदल.

मार्चमधल्या इथल्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. म्हणजे आता रविवारी पंधरा-अठरा किलोमीटर व्हायला हवेत. सध्या नदीकाठाने बेट्स बाइट लॉकपर्यंत (लॉक म्हणजे नावा वरखाली करायचं नदीवरचं दार) जाते आणि परत येते. वाट सुरेख आहे, पण पहाटे वल्हवणाऱ्यांचे कोच सायकलवरून नावेकडे बघत, ओरडत येतात. आपणच बाजूला व्हायचं असतं.

तर, लॉकच्या पुढे हिवाळ्यात जाता येतं का? झाडीतून, जंगलातून जाणारी एखादी वाट आहे का? आणि पाणथळ जागांबद्दल खूप ऐकलंय, तिथे धावता येतं की फक्त दुर्बीण घेऊन उभं राहायचं? गाडी नाही. बस, रेल्वे, सायकल चालेल. आधी असा धागा निघाला असेल तर कृपया दुवा द्या.

मिल्टनकर

लॉकच्या पुढे बिनधास्त जा. तसंच उत्तरेला गेलं की क्लेहाइदचा पूल लागतो, तिथून वॉटरबीच स्टेशन जवळ आहे. रेल्वेने केंब्रिज नॉर्थला परत, म्हणजे जवळपास तुझ्या दारात. एकेरी धावण्याचं सुख वेगळंच, 'आता एवढंच परत जायचंय' हा विचार डोक्यात येत नाही. ताकद वाढली की पुढे ईलीपर्यंत. केंब्रिज ते ईली नदीकाठाने साधारण 27 किमी आहे. कॅथीड्रल फार आधीपासून दिसायला लागतं आणि काही केल्या जवळ येत नाही.

बोरकूट

मिल्टनकरांशी असहमत. ही वाट मे ते सप्टेंबर उत्तम. लॉकपर्यंत ठीक आहे, पण त्यापुढे गवत आणि माती, आणि डिसेंबर-जानेवारीत नुसता राडा. नडगी दुखत असताना घसरत घसरत धावणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

रानवेडी, इथे जमीन सपाट आहे म्हणून सगळीकडे सारखीच असेल असं वाटतं. तसं नाही. आपल्याकडे आपण चढ बघून मार्ग ठरवतो, इथे पायाखाली काय आहे ते बघून ठरवावा लागतो. शहराच्या उत्तरेला फेन, म्हणजे सतराव्या शतकापासून पाणी उपसून शेतीखाली आणलेली दलदल. वरची काळी जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, ती पाणी धरून ठेवते. पश्चिमेला चिकणमाती. तिकडे हेली वूड, हार्डविक वूड अशी जुनी जंगलं आहेत, वसंतात ब्लूबेल फुलतात तेव्हा जरूर जा. हिवाळ्यात मात्र आमच्या परभणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात होतं तेच, दोन पावलांत बूट किलोभर जड.

दक्षिण-पूर्वेला खडूचा दगड आहे. पाणी पडलं की खाली झिरपतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च तिकडे वळायचं. बॅब्रहम रोडच्या पार्क अँड राइडपर्यंत (गाडी लावून बस पकडायची जागा) बस आहे, तिथून वाँडलबरी जवळ. लोहयुगातल्या गढीचा गोल खंदक आहे, भोवती बीचची मोठमोठी झाडं, पानांचा जाड थर. मागच्या बाजूने बाहेर पडलं की जुना रोमन रस्ता लागतो, दोन्हीकडे झुडपांची कुंपणं आणि मधून सरळ वाट. वाटेल तेवढं जा, तसंच परत फिर. तुझे पंधरा-अठरा किलोमीटर सहज होतील. गाड्यांचा त्रास नाही. ओला खडू मधूनच निसरडा असतो, म्हणून तळाला खाचा असलेले ट्रेलचे बूट घाल.

या भागाला गॉग मॅगॉग हिल्स म्हणतात. उंची जेमतेम 75 मीटर. हिल्स म्हणे! पण केंब्रिजमध्ये तुला चढ म्हणून मिळेल तो हाच.

चहाबाज

पाणथळ जागेबद्दल मी सांगतो, बाकी धावण्यातलं मला फारसं कळत नाही. बायको धावते, मी थर्मास घेऊन बसतो.

विकन फेनला जा. ज्या 1899 साली आपले रँग्लर परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, त्याच साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने या फेनचा पहिला तुकडा विकत घेतला. मधल्या भागात फळ्यांची वाट आहे, तिथे धावू नका. तिकीटही आहे, आणि लोक पक्षी बघत असतात. धावायला लोड्स वे. बॉटिशमकडून विकनकडे जाणारी ही सायकलवाट आहे, सायकलने जाऊन मधला तुकडा धावता येईल. लोड म्हणजे जुने कालवे. पाणी उपसल्यावर पीट आकसत गेलं आणि शेतं खाली बसली, त्यामुळे कालव्याचं पाणी शेतापेक्षा उंचावरून वाहताना दिसतं. पहिल्यांदा बघताना चुकल्यासारखं वाटतं.

बरवेल फेनवर हिवाळ्यात दुपारी घुबडं दिसतात. कोनिक जातीची घोडी मोकळी असतात, त्यांना खायला द्यायचं नाही, जवळ जायचं नाही. आणि वारा! आडोसा म्हणून काही नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी राहील. उलट केलंत तर घामेजल्या अंगाने गारठून परत याल, हे बायकोचं म्हणणं.

ओढाळ

फेन ड्रेटन लेक्स कोणी सांगितलं नाही? वाळू-खडीच्या जुन्या खाणींची तळी, आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेची जागा. गायडेड बसचा (स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून धावणारी बस) विनंती थांबा अगदी आतच आहे. बसमार्गालगतची वाट डांबरी आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस. तळ्यांभोवतीच्या वाटा घे. पण ग्रेट ऊज नदी चढली की हा भाग पाण्याखाली जातो. निघायच्या आधी पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर नदीची पातळी बघ. ग्रँटचेस्टर मेडोजलाही तोच नियम.

रानवेडी

बाप रे, किती माहिती! बोरकूट, जमिनीचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. या रविवारी वाँडलबरी नक्की.

दोन शंका. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, मग कामानंतर काय करायचं? आणि गायी. स्टोरब्रिज कॉमनवर (सार्वजनिक कुरणात) आल्या आल्या दिसल्या होत्या, एक वाटेत आडवी उभी होती. गायीला घाबरते म्हणाले तर घरचे हसतील.

बोरकूट

कॉमनवर गुरं साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतात, आता वसंतापर्यंत निवांत. नंतरही त्यांच्याजवळून धावायचं नाही, चालत जायचं. गाय आणि वासराच्या मधून तर मुळीच नाही. घाबरणं शहाणपणाचंच आहे.

अंधारात मातीच्या वाटा सोडून दे, डोक्याला दिवा लावला तरी. मुळं आणि खड्डे दिसत नाहीत, आणि फेनमध्ये वाटेच्या कडेला खोल चर असतात. आठवड्यात एकदाच लवकर निघून पहाटे नदीकाठ कर, बाकी दिवस व्यायामशाळेत पट्ट्यावर. लांबचं धावणं शनिवार-रविवारी उजेडात.

मिल्टनकर

बोरकूट, हिवाळ्यातल्या राड्याबद्दल मान्य. मी चिखलातला माणूस आहे, त्यामुळे मला कळत नाही.

रानवेडी, शनिवारी सकाळी नऊला मिल्टन कंट्री पार्कमध्ये पार्करन असतं. पाच किलोमीटर, फुकट. तीही खाणींचीच तळी, पण भोवती दाट झाडी. तुझ्या घरापासून धावत येता येईल. आधी नाव नोंदवावं लागतं. त्याचा बारकोड फोनवर असला तरी चालतो, पण विसरलीस तर वेळ नोंदली जात नाही. नऊ म्हणजे नऊ, आपल्याकडचे साडेनऊ नव्हेत.

रानवेडी

नोंदणी केली. मिल्टनकर, तुम्ही दिसलात तर ओळखायचं कसं?

मिल्टनकर

सगळ्यात शेवटी, गुडघ्यापर्यंत चिखल.