मोल्सवर्थ नावाचे रस्ते, गावं आणि माणसं : तुमचे अनुभव सांगा

मोल्सवर्थ हे माणसाचं नाव आहे हे मला शाळा संपेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात ते पुस्तक होतं, मराठी शब्दांचे इंग्रजीत अर्थ सांगणारा जाडजूड कोश. "मोल्सवर्थ काढ", "मोल्सवर्थात बघ", "मोल्सवर्थ खाली ठेवू नकोस, पाय लागेल." बाबा मुद्रितशोधक होते. पुण्यात १९७५ साली निघालेलं पुनर्मुद्रण त्यांनी हप्त्याहप्त्यानं पैसे साठवून घेतलं होतं. नऊशेच्या वर पानं. कणा दोनदा उसवला, दोन्ही वेळा आईनं ब्लाउजच्या अस्तराचं कापड खळीनं चिकटवून तो बसवला. बाबा गेले, कोश माझ्याकडे आला. उघडला की अजून खळीचा वास येतो.

गेल्या महिन्यात भाचीनं वेलिंग्टनहून एका रस्त्याच्या पाटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हा आपला मोल्सवर्थ का गं?" त्या 'आपला'वर मी बराच वेळ अडकले.

हे आडनाव इंग्लंडातही विरळाच. आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं गावावरून आलेलं. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, म्हणजे आपली वाडीच म्हणा. मूल नावाच्या कुणा माणसाची वाडी ती मोल्सवर्थ. इंग्लंडच्या राजानं १०८६ साली जमिनीची जी मोठी नोंदणी करवली, तिच्यातही हे गाव आहे.

आपले जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून कोवळ्या वयात इकडे आले. सोलापूरच्या छावणीत असताना मराठी शब्द टिपायला लागले. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ सोबतीला, शिवाय देशावरचे नि कोकणातले शास्त्री. १८३१ साली पंचवीस हजारांच्या आसपास शब्दांचा कोश निघाला. पुढे धर्मश्रद्धेपायी त्यांनी फौज सोडली, मायदेशी गेले, पण कोशासाठी परत आले. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात साठ हजारांच्या घरात शब्द. त्या शास्त्र्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत याचं मला वाईट वाटतं. कोश त्यांचाही आहे.

तर ज्यांच्या वाटेत हे नाव आलंय, मग ते पुस्तक असो, गल्ली असो की गाव, त्यांनी लिहा. सुरुवात भाचीकडूनच करते.

वेलिंग्टन, न्यूझीलंड

मावशीनं नाव घेतलंय म्हणून लिहिते. मोल्सवर्थ स्ट्रीटच्या एका अंगाला इथली संसद, समोर राष्ट्रीय ग्रंथालय. वायतांगीचा करार, म्हणजे १८४० साली माओरी प्रमुखांनी सह्या केलेला मूळ दस्तऐवज, त्याच ग्रंथालयात अंधाऱ्या खोलीत जपून ठेवलाय. मी रोज या रस्त्यावरून कामाला जाते. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपानंतर याच रस्त्यावरची एक मोठी इमारत पाडावी लागली, तेव्हा बरेच दिवस पलीकडून वळसा घालत होतो.

हे मोल्सवर्थ वेगळे. कॉर्नवॉलच्या पेनकॅरो वाड्याचे धनी सर विल्यम मोल्सवर्थ. इथं वसाहत करणाऱ्या न्यूझीलंड कंपनीत ते होते आणि त्यांचा भाऊ फ्रान्सिस पहिल्या जहाजांबरोबर इथं आला. म्हणून बंदराच्या तोंडाशी असलेल्या टोकालाही पेनकॅरो नाव पडलं. तिथला दीपस्तंभ या देशातला पहिला कायमचा दीपस्तंभ, १ जानेवारी १८५९ ला पेटला. तो सांभाळायला होती मेरी जेन बेनेट. तिचा नवरा १८५५ साली बुडाला होता. पदरात मुलं असताना तिनं झोपडीच्या खिडकीत दिवा लावून जहाजांना वाट दाखवली आणि पुढे पगारी रखवालदार झाली. या देशात दुसरी बाई त्या जागेवर कधी आली नाही.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, वारा असा की पदर हातात धरून ठेवायचा. स्तंभापाशी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरांना जेवू घालून मग दिवा बघत असेल का गं, की आधी दिवा?" मला उत्तर सुचलं नाही.

भुसावळ

आमच्या घरी दोन मोल्सवर्थ! एक कोश आणि दुसरं पणजोबांचं आडवं, खिशात मावेल एवढं पुस्तक, इंजिनिअरांच्या सूत्रांचं. पणजोबा रेल्वेत होते. पुलाचा गर्डर, पाण्याचा दाब, रुळाचा वळसा, सगळ्याची गणितं त्यात. कर्ते गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५). सिलोनची रेल्वे त्यांच्या हाताखाली उभी राहिली आणि पुढे ते हिंदुस्थान सरकारचे रेल्वे सल्लागार होते. पुस्तक पहिल्यांदा १८६२ साली निघालं आणि पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं.

पणजोबांच्या प्रतीत समासात मोडी आकडेमोड आहे. एका पानाला हळदीचं बोट लागलंय. घरातल्या कुणाचं ते आता कळणार नाही. आजी दोन्ही पुस्तकं दसऱ्याला पाटावर मांडायची. मी सिव्हिल इंजिनिअर झालो, आता गणित सगळं संगणकावर, पण दसऱ्याला पाटावर अजून तीच दोन.

हंटिंग्डन, इंग्लंड

मूळ मोल्सवर्थ गावापासून मी अर्ध्या तासावर राहतो. इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. गाव म्हणजे थोडी घरं आणि सेंट पीटरचं दगडी चर्च. चर्चमध्ये भिंतीवर मध्ययुगीन चित्रं आहेत : खांद्यावर बाळ घेतलेला सेंट ख्रिस्तोफर आणि डुकरासोबतचा सेंट अँथनी. रंग पुसट झालेत, पण ख्रिस्तोफरनं नदी ओलांडताना पाय कसा टाकलाय ते दिसतं.

गावाबाहेर मात्र लांबच लांब कुंपण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं इथून उडायची. १९८० च्या दशकात इथं अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं आणि देशभरातून शांततावादी माणसं येऊन तंबू ठोकून राहिली. त्यांनी तळाच्या जमिनीत गहू पेरला, आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी. एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैन्य आणून त्यांना उठवलं. पुढे १९८७ च्या अमेरिका–सोव्हिएत करारानं ती क्षेपणास्त्रं गेली.

माझ्या एका वयस्क पेशंट बाई तेव्हा तिथं होत्या. मी 'मोल्सवर्थ' ऐकून आमच्या भाषेच्या कोशाबद्दल सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "त्यात गव्हाला काय शब्द आहे?" मी 'गहू' म्हणून दाखवलं. त्यांनी चार-पाचदा म्हणून पाहिलं. 'हू' जमला नाही, पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा दारातूनच मला 'गाऊ' म्हणाल्या.

डब्लिन

इथलाही मोल्सवर्थ स्ट्रीट आयर्लंडच्या संसदेसमोर जाऊन थांबतो! वेलिंग्टनच्या ताईंचं वाचून अंगावर काटा आला. हे मोल्सवर्थ व्हायकाउंट (उमरावांचा एक किताब) घराण्यातले, अठराव्या शतकातले जमीनदार. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला डॉसन स्ट्रीटवरचं सेंट अ‍ॅन चर्च समोर येतं. आत वेदीशेजारी लाकडी फळ्या आहेत, गरिबांसाठी पाव ठेवायच्या. १७२३ साली एका उमरावानं मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले. आजही पाव असतात, कुणीही घ्यावेत.

मी इथं शिकायला आलो तेव्हा पहिल्या महिन्यात पैशांचा घोळ झाला. एका संस्थेनं विद्यार्थिवेतन अडकवून ठेवलं होतं. दोनदा मी तिथला पाव घेऊन गेलोय. कुणी नाव विचारलं नाही. आता पगार होतो, तेव्हा दर महिन्याला चर्चच्या पेटीत टाकून येतो.

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड

डब्लिनकरांनी व्हायकाउंट घराणं काढलंच आहे तर ऐका. तिसरे व्हायकाउंट रिचर्ड मोल्सवर्थ तरुणपणी इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोचे लष्करी मदतनीस होते. १७०६ च्या रामिलीच्या लढाईत ड्यूक घोड्यावरून पडला, शत्रू अंगावर आला, तेव्हा रिचर्डनं स्वतःचा घोडा देऊन धन्याला वाचवलं. आता नकाशा बघा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या प्रांताचं नाव मार्लबरो, त्याच ड्यूकवरून. आणि त्या मार्लबरोच्या पोटात मोल्सवर्थ स्टेशन, देशातलं सगळ्यात मोठं शेत. ज्यानं घोडा दिला आणि ज्याला दिला, दोघांची नावं पृथ्वीच्या या टोकाला पुन्हा शेजारी! माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही.

शेत म्हणजे सुमारे १,८०,००० हेक्टर. बृहन्मुंबई त्यात तीनदा जवळजवळ मावेल. मेंढ्यांनी आणि सशांनी डोंगर खाऊन उघडे केले, मालक टेकीला आले, १९३८ साली जमीन सरकारकडे आली. मेंढ्या काढून गुरं आणली, गवत पेरलं, ससे आवरले. उन्हाळ्यात आतला मातीचा रस्ता लोकांना उघडतात. हॅन्मर स्प्रिंग्जकडून आत गेलं की अ‍ॅकेरॉन नावाचं १८६३ चं जुनं मुक्कामाचं घर लागतं, चिखल आणि गवत कालवून उभारलेल्या भिंतींचं. भिंतीला हात लावला. आमच्या मंगळवेढ्याच्या जुन्या घराची भिंत अशीच होती, उन्हाळ्यात दुपारी गाल टेकला की गार लागणारी. बायकोनं विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

कॉर्नवॉल

पेनकॅरोच्या बागेतला किस्सा थोडक्यात. सर विल्यमनी दक्षिण अमेरिकेतलं एक काटेरी सूचिपर्णी झाड लावलं, १८३० च्या दशकात. एक पाहुणा पानांना हात लावून म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत झाडाचं नावच माकडकोडं. आणि हेच विल्यम मंत्री असताना लंडनची क्यू बाग रविवारी उघडायला लागली. कामगाराला सुट्टी रविवारचीच, हे त्यांना कळलं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त माया याचीच वाटते.

मेलबर्न

आमच्या व्हिक्टोरियात मोल्सवर्थ नावाचं खेडं आहे, गोलबर्न नदीकाठी. जुन्या रेल्वेचे रूळ काढून सायकलवाट केलीय, ती त्यातून जाते. गावाच्या अलीकडे एक विटांचा बोगदा लागतो, दोनशे मीटरचा. आत मधोमध काहीच दिसत नाही. मुलीनं तिथं "आई गं!" म्हणून हाक मारली आणि ती मराठीतच परत आली. एवढंच.

सातारा

मी निवृत्त शिक्षिका. आमच्याकडच्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. मला उशिरा कळलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर मोल्सवर्थ होता, दुसरी आवृत्ती, पुठ्ठा गेलेली, 'प'च्या पुढची पानं नव्हती. किलोच्या भावानं घेतला. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

मग रोज एक पान वाचायला घेतलं. लिंग काय, शब्द संस्कृत की फारसी की अरबी, सगळं बारीक खुणांनी. 'करणें', 'बसणें' सगळे डोक्यावर अनुस्वार घेऊन बसलेले, माझ्या आजीच्या उच्चारासारखे. हात, डोळा असल्या शब्दांखाली वाक्प्रचारांची रांगच लागते. आठ दिवस मी 'डोळा'पाशीच होते. 'प'च्या पुढचं नातू शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून देतो, तिथं अख्खा कोश फुकट वाचायला मिळतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तिथं जावं.

सोलापूर

धागा काढणाऱ्या ताईंनी सोलापूरचं नाव घेतलं म्हणून गप्प बसवेना. मी इथं माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. मोल्सवर्थ इथं शब्द टिपत होता हे वाचल्यापासून मुलांना एक वही दिलीय. घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडचा, पाठ्यपुस्तकात नसलेला शब्द आणायचा, कुणी सांगितला ते समोर लिहायचं. ताई, तुम्ही शास्त्र्यांच्या नावांचं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

माझ्या वर्गात निम्मी मुलं विणकरांची. घरात तेलुगू, मागावर आणि रस्त्यावर मराठी. परवा एका मुलीनं 'धोटा' आणला. मागावर आडवा पळणारा, पोटात सुताची कांडी घेऊन जाणारा. तिच्या ताताचा, म्हणजे आजोबांचा, धोटा आता कपाटावर पडून असतो, तो ती दप्तरातून घेऊन आली. लाकूड दोन्ही टोकांना हातांनी काळं, गुळगुळीत झालेलं. आम्ही कोश काढला, 'ध' उघडला. होता.

तिनं वहीत शब्द लिहिला. समोर ताताचं पूर्ण नाव लिहिलं, आधी तेलुगूत, मग खाली मराठीत.